पक्षकाराची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, राजाजीनगरच्या श्रीवत्स सुताराने मला घडवलं, माझी बैठक वेताने विणली आणि बसवनगुडीतल्या एका न्यायाधिकरणात पोचवलं. न्यायाधिकरण म्हणजे एकाच तऱ्हेच्या तक्रारी ऐकणारं छोटं न्यायालय. आमच्याकडे रस्त्यावर माल विकणाऱ्यांच्या परवान्यांचे दावे येत.

मला बनवून घेतलं न्यायाधीश पुरुषोत्तमरावांनी. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं त्यांचं मराठी घराणं. "माझ्यापुढे कुणी उभ्याने बोलायचं नाही," ते म्हणाले, "गाऱ्हाणं सांगणाऱ्याला खुर्ची हवी." घाबरलेली माणसं माझे हात घट्ट धरून बसत. बोलता बोलता त्यांची पकड सैल होई. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटे.

मग दावे वाढले. साध्या तारखेसाठी चार-चार महिने लागू लागले. तेव्हा असं ठरलं, की उशीर माफ करणं, तारीख बदलणं असले नेहमीचे निर्णय न्यायाधीशांऐवजी कायदा शिकलेल्या रजिस्ट्रारने कागदावरच द्यायचे. रजिस्ट्रार महानंदाबाई बेळगावच्या, कामाला चोख. त्या म्हणाल्या, "सर, अर्ज फेटाळायची वेळ आली, तर मला त्या माणसाला आधी बोलावू द्या. आणि निकालाखालची इंग्रजी ओळ कन्नडमध्ये, मराठीतही छापू या." निकाल मान्य नसेल तर चौदा दिवसांत न्यायाधीशांकडे दाद मागता येते, अशी ती ओळ होती.

"सरी, ठीक आहे, पुढच्या महिन्यात बघू," पुरुषोत्तमराव म्हणाले. तो महिना आलाच नाही. सुनावणीच्या खोलीत माझी अडचण होते म्हणून मला बाहेर काढलं आणि माझ्यावर फायलींचा ढीग रचला.

खोटं कशाला बोलू? लोकांना चार दिवसांत तारखा मिळू लागल्या. लोक खूश होते.

मग कस्तुराबाई आल्या. त्या निपाणीकडच्या. वीस वर्षं देवळाच्या कोपऱ्यावर फुलं विकत होत्या. तिथला परवाना रद्द झाला आणि त्यांची तक्रार नऊ दिवस उशिरा पोचली. उशीर माफ करण्याचा अर्ज लिहून देणाऱ्याने कारणापुढे नुसतं 'घरगुती अडचण' लिहिलं होतं. महानंदाबाईंनी कागद वाचला आणि अर्ज नामंजूर केला.

"बाई, मालक दवाखान्यात होते की वो," कस्तुराबाई माझ्याशेजारी उभ्या राहून सांगत होत्या. "त्यांना सोडून कशी येणार? मला कुणी इचारलंच न्हाई."

महानंदाबाईंचा चेहरा उतरला. "अक्का, न्यायाधीशांकडे दाद मागता येते, असं खाली लिहिलं होतं."

"ते इंग्रजी मला कुठलं वाचाय येतंय?"

निकालाला सतरा दिवस झाले होते.

तेवढ्यात पुरुषोत्तमराव आले. मला खात्री होती, आता ते फायली बाजूला करतील आणि कस्तुराबाईंना बसवतील. महानंदाबाई म्हणाल्या, "सर, मी यांना विचारायला हवं होतं. पाच मिनिटं ऐका. मुदत वाढवायचा अधिकार तुम्हाला आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "महानंदा, हे काम मी तुमच्याकडे सोपवलंय. मुदत म्हणजे मुदत." त्यांच्या कोटाची बाही माझ्या हाताला घासून गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, माझी वेताची वीण उसवली असती तरी इतकं दुखलं नसतं. काम सोपवल्याचा मला राग नाही. पण ज्यांनी माणसं ऐकण्यासाठी मला आणलं, त्यांनीच समोरच्या बाईकडे पाठ फिरवली, आणि दोष मात्र महानंदाबाईंच्या पदरात टाकला.

देवळाचा कोपरा दुसऱ्याला मिळाला. कस्तुराबाई आता डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली हिंडतात.

दुसऱ्या दिवशी महानंदाबाईंनी कुणालाही न विचारता माझ्यावरच्या फायली उतरवल्या आणि मला स्वतः उचलून आपल्या खोलीत नेलं. आता कुठलाही अर्ज फेटाळण्याआधी त्या माणसाला फोन करून बोलावतात. ती शेवटची ओळ त्याच्या भाषेत हाताने लिहितात. एकदा त्यांनी कस्तुराबाईंना माफी मागण्यासाठी बोलावलं. कस्तुराबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं.

"बसा की, अक्का."

"नको. आता बसून काय करू?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे अधिकारी व्हाल. कामं वाटून द्यावी लागतील, ती जरूर द्या. पण दारात आलेल्या माणसाला वेळेवर बसायला सांगा.