अडतिशीतले आजोबा

प्रशिक्षकाने खूण केली तशी त्याने गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सोडली आणि तो बाकाचा काठ धरून उठला. वर प्रेक्षकांत बसलेल्या आईने नकळत स्वतःचेच गुडघे दाबून धरले.

"आले, आजोबा आले," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

अडतिसाव्या वर्षी आजोबा! पण बास्केटबॉलच्या मैदानावर तो होताच म्हातारा. एके काळी तो उडी घ्यायचा तेव्हा तिचा श्वास अडकायचा, तो खाली टेकेपर्यंत सुटायचा नाही. आता पाय जमीन जेमतेम सोडत. आज त्याला सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. पुरे झालं, बाळा.

समोरच्या संघातला एक पोरगा वाऱ्यासारखा त्याला ओलांडून गेला. पुन्हा गेला. तिने मान खाली घातली.

वर पाहिलं तेव्हा तो धावतच नव्हता. पोराने नेम धरला, चेंडू कड्यावर आदळला, सगळे झेपावले. हा मात्र दोन पावलं मागे सरून उभा राहिला, आणि चेंडू हाक मारल्यासारखा त्याच्या हातात आला. न बघताच त्याने तो जोडीदाराकडे सोडला. बास्केट. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. नुसत्या बोटाच्या खुणेने तो आपल्या खेळाडूंना सरकवत होता. तो पोरगा तर आता धावण्याआधी आजोबा कुठे आहेत ते बघू लागला.

"याला आधीच कसं कळतं?" मागचा माणूस पुटपुटला. आता कोणी हसत नव्हतं.

तिच्या अंगावर काटा आला. हा आपल्याच पोटचा ना? एके काळच्या त्या उडणाऱ्या मुलाला हे येत नव्हतं. हा कोणी वेगळाच होता, आणि ती त्याला पहिल्यांदा बघत होती.

सामना थोडक्यात जिंकून, आंघोळ उरकून तो वर आला.

"कसं वाटलं?"

"बघत राहिले," ती म्हणाली. ठरवलेलं बोलणं ओठांवर आलंच नाही.

बाहेर पडायच्या जिन्याशी तो थबकला. पायऱ्यांकडे बघत राहिला.

"हात दे रे," ती म्हणाली. "गुडघे कुरकुरतायत माझे. सावकाश उतरू."

"तरी सांगतो, इतक्या वर बसत जाऊ नकोस."

"ऐकते कुठे मी."

तिने एका हाताने कठडा घट्ट धरला, त्याचा भार आपल्या खांद्यावर घेतला आणि पहिली पायरी उतरली.