भोकं बुजवलेला गोल

धाकटीने प्रदर्शनात मांडलेल्या पृथ्वीगोलावरचं कापड ओढलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोल अगदी गुळगुळीत होता. एकसुद्धा भोक नाही!

जगात जिथे प्यायला स्वच्छ पाणी नाही, तिथे गोलाला भोक पडावं, असा प्रोग्राम तिने डोकं फोडून लिहिला होता. तहानलेली माणसं जास्त, तर भोकही मोठं. तो गोल थ्री-डी प्रिंटरवर छापायचं काम मात्र थोरल्या भावाकडे होतं.

"अगं, मशीन सारखं चूक आहे, चूक आहे म्हणत होतं," दादा चाचरला. "मी 'दुरुस्त करा' दाबलं. त्याने भोकंच बुजवली."

"एका बोटाने जगाला पाणी पाजलंस की रे! हार आणू तुला?"

तेवढ्यात प्रदर्शनाचे व्यवस्थापक हात चोळत आले. "वा! असाच राहू दे हं. पाहुणे येतायत, उगाच कुणाचा मूड कशाला घालवायचा?"

"मूड?" धाकटी एवढ्या जोरात ओरडली की खिडक्या पुसणाऱ्या बाईही वळून बघायला लागल्या. "दादा, ड्रिल आण. आणि नकाशा उघड!"

"अगं मुली, नवा गालिचा आहे! चुरा पडेल!"

"पडू दे!"

पाहुणे आले तेव्हा ड्रिल किंचाळत होतं. दादा गोल कवेत धरून नकाशावरच्या जागा सांगत होता आणि धाकटी दात-ओठ खात भोकं पाडत होती.

"बास कर, पाहुणे खोळंबलेत!" व्यवस्थापक कळवळले.

"खोळंबू देत," ती मान वर न करता म्हणाली. "अजून अर्धं जग बाकी आहे."