हळदकुंकू आणि पाना

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. नाव अवघड वाटलं ना? केबलचं काम करणारा रविकुमार मला नुसतं 'ॲम्प' म्हणतो, सावित्रीबाई 'ती पेटी' म्हणतात आणि त्यांचे यजमान नरसिंगराव 'आमचे ॲम्प्लिफायरराव' म्हणतात. मला अर्थातच तिसरं नाव आवडतं. माझ्यासारख्या पेटीला 'राव' लावणारा माणूस साऱ्या बेंगळुरूत दुसरा सापडायचा नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की घरातलं नेट हवेतून येतं. हवेतून ते येतं फार तर बैठकीतल्या मोडेमपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत. त्याआधीचा सगळा रस्ता तारेचा. आमच्या काळी ती तार तांब्याची असे, आणि तांब्यातून लांब चालून संदेश दमतो, त्याचा आवाज बारीक होतो. म्हणून वाटेत थोड्या थोड्या अंतरावर माझ्यासारखा एकेक जण बसवलेला असतो. दमून आलेल्या संदेशाला त्यानं पुन्हा ठणठणीत करायचं आणि पुढे धाडायचं, एवढंच त्याचं काम. सोपं वाटतं, पण त्याला रजा नसते.

माझं अंग ॲल्युमिनियमचं. आत तापलेलं बाहेर जावं म्हणून पाठीवर उभ्या पट्ट्या आणि पाणी शिरू नये म्हणून झाकणाला रबराची कड. माझे भाऊबंद राजाजीनगरच्या खांबांवर टांगले गेले, ऊन खात आणि कावळ्यांचे अपमान गिळत. माझं नशीब थोर. मला वीज हवी होती, ती नरसिंगरावांनी आपल्या घरातून दिली आणि माझी जागा त्यांच्या मागच्या बाल्कनीत, तुळशीच्या शेजारी ठरली. चार स्क्रूंनी मला भिंतीत घट्ट बसवलं गेलं.

सुरुवातीची वर्षं चैनीची होती. तेव्हा माझ्यातून फक्त टीव्ही यायचा. सगळी वाहतूक एकाच दिशेची, बाहेरून घरात. क्रिकेटचा सामना असला की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम आरोळी उठे आणि मला वाटे, हे माझंच कौतुक चाललंय. मग एक दिवस रविकुमारनं माझं झाकण उघडून आत एक नवा भाग बसवला. त्या दिवसापासून माझ्यातून दोन वाटा झाल्या. येणारी वाट रुंद, जाणारी अरुंद. तुम्ही सिनेमा बघता तो येणाऱ्या वाटेनं येतो. तुम्ही बोलता, तुमचा चेहरा पलीकडे दिसतो, ते सगळं जाणाऱ्या वाटेनं जातं. या जाणाऱ्या वाटेची एक खोड आहे. कुठे एखादा कनेक्टर जरा जरी ढिला झाला, तरी त्या फटीतून मिक्सर, ड्रिल, बिघडलेली ट्यूबलाइट, सगळ्यांची खरखर आत शिरते आणि बोलणाऱ्याचे शब्द खाऊन टाकते. आणि एकाच्या फटीचा त्रास गल्लीभर सगळ्यांना होतो.

आता नरसिंगरावांबद्दल सांगायला हवं. त्यांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि कापड मोजायचा लोखंडी गज व मोठी कात्री तेवढी घरी आणली. त्यांची मुलगी भव्या डब्लिनला असते, आणि भव्याची मुलगी कस्तुरी म्हणजे नरसिंगरावांचा जीव की प्राण. कस्तुरी शाळेतून घरी आली की इथे आमच्याकडे संध्याकाळ उलटलेली असे. मग नरसिंगराव टॅबलेटसमोर मांडी ठोकून बसत आणि नातीला दुकानातला हिशेब शिकवत.

"पाव, अर्धा, पाऊण, एक!" ते म्हणत.

"सव्वा, दीड, पावणेदोन, दोन!" ती तिकडून म्हणे.

'पावणेदोन' या शब्दाचं तिला फार हसू यायचं. डब्लिनच्या शाळेत कुणालाच पावणेदोन म्हणता येत नाही, याचा तिला भारी गर्व होता. तिचं हसू येणाऱ्या वाटेनं माझ्यातून जाई, नरसिंगरावांचं जाणाऱ्या वाटेनं. मी दोन्ही ठणठणीत करून पुढे धाडी. खरं सांगतो, इतक्या आनंदानं मी क्रिकेटचे सामनेही पोचवले नव्हते.

आमच्याकडे खंडे नवमीला हत्यारांची पूजा होते. साऱ्या शहरात त्या दिवशी रिक्षांना, बसना, छापखान्यांना झेंडूच्या माळा चढतात आणि नाक्यानाक्यावर कुंकू भरलेले कोहळे फुटतात. नरसिंगराव गज पूजत, कात्री पूजत, स्कूटर पूजत, आणि शेवटी बाल्कनीत येऊन मला हळदकुंकू लावत, फूल वाहत. एकदा सावित्रीबाईंनी विचारलं, "अहो, हत्यारांची पूजा सरी, ठीक आहे. ह्या पेटीला कशाला?"

"दुकान गेलं. आता माझा माल हिच्यातूनच जातो की," नरसिंगराव म्हणाले.

त्या वाक्यानं मी इतका फुगलो की झाकणाचे स्क्रू तुटायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उत्तरपूजा. पूजेतल्या वस्तूंवर अक्षता टाकून त्यांना जागेवरून थोडं हलवायचं, म्हणजे त्या पुन्हा कामाला मोकळ्या, अशी रीत. गज उचलून इंचभर सरकवला की झालं. स्कूटर एक पाऊल पुढे ढकलली की झालं. पण मी तर भिंतीत रुतलेला! रीत मोडणं नरसिंगरावांच्या रक्तात नाही. ते मला दोन्ही हातांनी धरत आणि 'उठा, ॲम्प्लिफायरराव' म्हणत प्रेमानं गदागदा हलवत. मी हललो की माझ्या बुडाचा कनेक्टर थोडा सैल होई.

टीव्हीच्या काळात त्यानं कुणाचं काही बिघडत नसे. दोन वाटा झाल्यावर मात्र दर दसऱ्यानंतर गल्लीची तक्रार सुरू होई आणि रविकुमार एका टोकापासून सगळे कनेक्टर आवळत निघे. माझ्यापर्यंत पोचेतो दिवाळी येई. मी इतका स्वच्छ, इतका सजलेला, की माझ्यावर कुणाचा संशयच जात नसे. मला तोंड असतं तर पहिल्याच वर्षी ओरडून सांगितलं असतं. पण दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो.

त्या वर्षी मला जरा जास्तच जोरात हलवलं गेलं. कस्तुरी सहा वर्षांची झाली होती, त्याचा आनंद हातात उतरला असावा. आणि त्याच संध्याकाळपासून घात झाला. नरसिंगराव 'पाव, अर्धा' म्हणत आणि शेजारी चटणीचा मिक्सर लागला की त्यांचा पुढचा आवाज माझ्याच आत विरून जाई. डब्लिनला पोचे तो फक्त त्यांचा गोठलेला चेहरा, भुवया वर, डोळे वटारलेले, तोंड उघडं. त्याच्या आदल्या दिवशीच कस्तुरी पाढा चुकली होती. तिला वाटलं, अज्जा रागावले. भव्यानं तिला पुष्कळ समजावलं. पण लहान मुलांना कानांपेक्षा डोळ्यांचं जास्त खरं वाटतं.

इकडे नरसिंगरावांना वाटलं, आपला घसाच म्हातारा झाला. ते ज्येष्ठमध चघळू लागले, मिठाच्या गुळण्या करू लागले, टॅबलेटसमोर ओरडू लागले. ओरडले की भुवया आणखी वर जात आणि तिकडे चेहरा आणखी रागीट गोठे. शेवटी एका संध्याकाळी पडद्यावर एकटी भव्या आली.

"अप्पा, ती बसायलाच तयार नाही. रडते. स्वल्प दिवस राहू दे. नाहीतर पाढे बंदच करू या. मी इथेच एखादा क्लास बघते."

येणारी वाट साफ होती. हे बोलणं एकही अक्षर न गळता घरात पोचलं, आणि ते पोचवणारा मीच होतो. नरसिंगरावांनी टॅबलेट बंद केला. मग कितीतरी वेळ ते बाल्कनीत माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी रविकुमार आला, पाठीवर पिवळ्या तारेचं वेटोळं घेऊन.

"अण्णा, आता तांब्याची तार काढणार. काचेची घालतो, फायबर. तिच्यातून उजेड जातो. उजेडाला मिक्सरची खरखर लागत नाही. मधे ही पेटी पण नको. आज जुन्या लाइनची शेवटची तपासणी करतो, उद्या हिला काढतो."

त्यानं माझ्या तोंडाला आपला मीटर जोडला. नरसिंगरावांचा चेहरा पडला. कस्तुरीचा पाढा गेला, आता तिच्यापर्यंत नेणारा ॲम्पही चालला. त्यांनी सावित्रीबाईंकडून अक्षता मागून घेतल्या. "जाणाऱ्याला असंच कसं धाडायचं?" असं म्हणून त्यांनी अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या, मला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं.

मीटरवरच्या रेघा टणकन उडाल्या.

"अण्णा, थांबा! परत एकदा करा."

नरसिंगरावांनी पुन्हा हलवलं. रेघा पुन्हा उडाल्या. रविकुमारनं आधी मीटरकडे पाहिलं, मग माझ्या बुडाच्या कनेक्टरकडे, मग नरसिंगरावांकडे.

"हे तुम्ही कधीपासून करताय?"

"दर दसऱ्याला करतो की! उत्तरपूजा."

"अय्यो अण्णा! तिकडे मी खांबावर खांब चढतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा."

नरसिंगराव मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे माझाच आवाज मीच अडवला? माझ्या हातानं?"

सावित्रीबाई दारातच उभ्या होत्या. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," त्या म्हणाल्या. "ज्येष्ठमध घशाला दिला, आणि आवळायचं होतं इथं." मग त्यांनी यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वळून म्हणाल्या, "रवी, एवढं आवळ बाबा. काढ उद्या. आज एकदा बोलू दे त्यांना."

रविकुमारनं पाना काढला आणि कनेक्टर आवळला. दीड वेढा! जोडानं जोड भिडला तसं माझ्या आतलं सगळं शांत झालं. शेजारी मिक्सर चालूच होता, पण आता तो शेजारीच राहिला.

टॅबलेट लागला. डब्लिनला सकाळ होती. भव्यानं कस्तुरीला बोलावलं. ती आली नाही. पडद्याच्या कडेला नुसती एक वेणी दिसत होती. नरसिंगराव ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "पाव."

वेणी हलली.

"अर्धा," ते म्हणाले. "पाऊण. एक."

मी जीव तोडून तो हळू आवाज उचलला आणि पुढे धाडला. त्याच्यानंतर मी काहीच पोचवलं नसतं तरी चाललं असतं. मग येणाऱ्या वाटेनं एक बारीक आवाज आला, "सव्वा... दीड..." आणि मग हसू फुटलं. "अज्जा! पावणेदोन!"

नरसिंगरावांना पुढचं 'दोन' म्हणता आलं नाही. ते रडत होते. मात्र या वेळी घशाला काहीएक झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरून काढलं. रविकुमार मला भंगारात नेणार होता. नरसिंगरावांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं, पुसलं आणि गज-कात्रीच्या शेजारी कपाटात ठेवलं. माझ्या जागी आता एक चिमुकली पांढरी डबी आहे आणि तिच्यात केसाएवढी काचेची तार येते. तिच्यापुढे मी म्हणजे धोंडाच. पण ही नवी डबी, पोरगी गुणी आहे. पाढे आता पावकीतून निमकीवर गेलेत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांना हळदकुंकू लावा, फूल वाहा, आम्हाला ते आवडतं. पण त्याआधी एकदा पाना फिरवा, धूळ झटका, सैल झालेलं घट्ट करा. आणि पलीकडचा माणूस गप्प झाला, तर तो रागावला असं ठरवून मोकळे होऊ नका. मधला एखादा जोड ढिला आहे का, ते आधी पाहा.

परवाच दसरा झाला. खंडे नवमीला कपाटातून काढून मला गज-कात्रीबरोबर पुजलं, बाल्कनीत डबीलाही फूल वाहिलं. दसऱ्याच्या सकाळी नरसिंगराव अक्षता घेऊन डबीकडे गेले, सवयीनं दोन्ही हात पुढे केले, आणि आतून सावित्रीबाई कडाडल्या, "अहो! हात!"

हात मागे आले. नरसिंगराव वळले. मग घरात आले, माझ्यापुढे बसले, मला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "उठा, ॲम्प्लिफायरराव. डबीच्या वाटचं तुम्ही हला."

आणि मी मनसोक्त हललो.