पाहुण्याचं पाणी

विहिरीच्या काठावर, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा स्थिर झाला. भूजल खात्याच्या सादिकने मीटरची काडी बादलीतून काढून पुसली, पुन्हा बुडवली. दोन हजार नऊशे चाळीस. गेल्या मे महिन्यात याच विहिरीच्या नमुन्याचा आकडा सहाशे दहा आला होता. खाली, उतरत गेलेल्या पाण्याने दगडांवर एकाखाली एक पांढऱ्या रेघा सोडल्या होत्या. ऊन त्यांच्यावरून सरकत होतं.

"यंत्र बिघडलं असंल," धर्मसिंग म्हणाला.

"नवं आहे. सकाळीच तपासून आणलं."

"यंत्र बराबर हाय," मिराबाई म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

अकरा वर्षं सादिक साखरा गावापुढच्या या तांड्यावर येत होता; पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. तो बाजेवर टेकायचा, मिराबाई त्याच्या हातातून बाटली घ्यायची, आणि चहाबरोबर भरलेली बाटली परत यायची. तांड्यासारखाच तोही तिला याडी म्हणे. आई भरून देतेय, त्यात बघायचं काय? यंदा मात्र नवा नियम आला. बादली स्वतः सोडायची, आकड्याचा फोटो विहिरीपाशीच काढायचा.

"याडी, मग माझ्या बाटल्यांत काय होतं?"

"साखऱ्याच्या नळाचं पाणी. कोसभरावरून एक कळशी आणून ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तुमच्या चहालाबी तेच." तिने पदर सावरला. "माझ्या सासूनं पाव्हण्याच्या हातात कधी खारं पाणी दिलं न्हाई. मी काहून देऊ?"

"ते प्यायला नव्हतं. तपासायला होतं."

"मला कोण सांगितलं? बाटली घेऊन जाता, म्हणलं घरी लेकरं पीत असतील."

धर्मसिंग हसला, त्या हसण्याला ओल नव्हती.

"म्हंजी अकरा वरसं सरकारला आमी गोड पाणी पाजून राहिलो. आन ग्रामसभेत मी उठलो, पाणी खारं हाय म्हणलो, की तुमचाच कागद माझ्या तोंडापुढं धरायचे. खोटारडा म्हणायचे मला, सादिकभाऊ. आन ते गोड पाणी भरून देत व्हती माझीच बायको."

मिराबाईने दाराकडे पाहिलं. रामप्रसादला, त्यांच्या थोरल्याला, जाऊन सात महिने झाले होते; दोन्ही मूत्रपिंडं निकामी. पाणी बदला, असं नांदेडच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. आता सुनेच्या, शितलच्या, पायांवर सूज होती. ती दारात बसून होती, पाय लुगड्याखाली ओढून घेतलेले.

सादिकच्या पिशवीत नदीखोऱ्याच्या आराखड्याची यादी होती. क्षार वाढलेली एकतीस गावं. त्यांना धरणाचं पाणी नळाने मिळणार होतं. तांड्याचं नाव त्यात नव्हतं. शुक्रवारी यादी मुंबईला जाणार, आणि पुढची पाच वर्षं तिला कुणी हात लावणार नव्हतं.

"आजचं लिहा," मिराबाई म्हणाली. तिचा आवाज खाली बसला होता. "माझी चूक झाली म्हणून लिहा. तिनं फसवलं म्हणा. माझा अंगठा घ्या. पण तांड्याचं नाव घाला."

सादिकने मीटर बंद केला. आकडा विझला. त्याने अजून फोटो काढलेला नव्हता. अकरा वर्षांच्या अहवालांत, नमुना मी स्वतः घेतला, या ओळीखाली त्याच्या बावीस सह्या होत्या; बाटली कुणी भरली हे लिहिलं, तर त्या सगळ्या खोट्या ठरणार होत्या. त्याने धर्मसिंगकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग विहिरीत.

"याडी," तो हळू आवाजात म्हणाला, "बाटली तुम्ही भरायच्या, हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग शितलपाशी गेली, तिला काखेत हात घालून उठवलं, आणि दोघी आत गेल्या.