नको म्हणणाऱ्याच्या घरातला इग्वाना

मी इग्वाना बोलतोय. पण आधी तुम्ही दोन पावलं मागे सरका. तिथूनही नीट ऐकू येईल.

सरकलात? ठीक. आता हात मला दिसतील असे ठेवा. राग मानू नका, पण माणसांच्या हातांचा मला फार अनुभव आहे. आजवर माझ्या वाट्याला जे जे आलं ते कुणाच्या तरी हातातून आलं, आणि बहुतेक वेळा त्याच हातानं परत काढून घेतलं.

मी सरड्यांच्या गोतावळ्यातला. अंगानं हिरवा, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडी. नाकापासून शेपटीपर्यंत साडेतीन फूट. शेपटी अख्खी असती तर पाच भरलो असतो. ती कुठे गेली ते पुढे येईलच. शंका आली की तुमच्या मनात पाल चुकचुकते म्हणे. माझ्या मनात तिनं बिऱ्हाडच केलंय. शेवटी नात्यातलीच ती, हाकलणार कशी?

अंड्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा आई नव्हती. होता एक पिवळा दिवा, ओलसर मातीचा ट्रे आणि माझ्यासारखीच शे-दीडशे भावंडं. मग एक हातमोजा आला आणि त्यानं आम्हाला कापडी पिशव्यांत भरलं. पिशवी उघडली ती थेट दुकानात. मी तेव्हा तुमच्या तळहाताएवढा होतो. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, "एवढाच राहतो हो हा. याचं काही करावं लागत नाही." मी काचेतून त्याच्याकडे बघत राहिलो. इतकं धडधडीत खोटं बोलताना त्याची पापणीसुद्धा लवली नाही. माणसांविषयीचं माझं शिक्षण तिथे सुरू झालं.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. पेशंट घाबरून बसतात, त्यांचं मन रमावं म्हणून त्यांनी मला बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं. माझं तोंड बघून पेशंट दुप्पट घाबरायचे, ती गोष्ट वेगळी. टेलिफोनवर बसणारी मुलगी आठवण झाली की कोबीचं पान टाकायची. ऊन नाही, दुसरा पाला नाही. माझा जबडा मऊ पडत चालला होता. पण दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या त्या माणसाला माझं तोंड एकदाही उघडून बघावंसं वाटलं नाही.

एक दिवस त्यांना माझी दया आली. "बिचारा एकटा पडतो," म्हणाले आणि पेटीच्या मागच्या बाजूला आरसा लावला. झालं! त्या क्षणी माझ्या घरात एक परका घुसला. मी फुगलो की तोही फुगायचा. मी त्याच्यावर डोळा ठेवायचो, तो माझ्यावर. मी झोपल्याशिवाय हा पठ्ठ्या झोपत नसे. पान पडलं की मी खायचोच नाही, कारण खाली मान घातली आणि यानं झडप घातली तर? सात महिने मी त्याच्याशी झुंजलो, नाक फुटेपर्यंत. आणि डॉक्टर कौतुकानं सांगायचे, "बघा, मित्राशी कसा खेळतोय!"

पेटी लहान पडू लागली तेव्हा त्यांनी मला एका व्यायामशाळेच्या मालकाला देऊन टाकलं. तिथे माझं नाव पडलं 'पैलवान'. मालक मला खांद्यावर घेऊन फोटो काढायचे. इथे तुम्हाला आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मान वरखाली करतो, याचा अर्थ 'ही जागा माझी, चालता हो' असा आहे. पण व्यायामशाळेतल्या मंडळींनी भलताच अर्थ लावला. कुणी विचारायचं, "पैलवान, आज सुट्टी घेऊ का रे?" मी बजावायचो, चालता हो. "बघ, हो म्हणाला!" आणि सगळे टाळ्या द्यायचे. दिवसातून वीस वेळा मी त्यांना हाकलायचो आणि वीस वेळा ते आणखी जवळ यायचे.

माझ्या माजाचा मोसम आला. रागानं अंग नारिंगी झालं होतं. मालक पापा घेण्याचं सोंग करत तोंड जवळ घेऊन आले, वर विचारतात, "देऊ का?" मी मान हलवून सांगितलं, नको. पुन्हा सांगितलं. मग चावलो. त्यांच्या अंगठ्याला चार टाके पडले. पळापळीत कुणीतरी दार आपटलं आणि माझी दीड फूट शेपटी दाराच्या पलीकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी मला घामट टॉवेलांच्या टोपलीत तळाशी घालून लाँड्रीत पाठवून दिलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

लाँड्रीवाल्या ताईंनी टॉवेल उचलले आणि मी दिसलो. किंचाळल्या नाहीत. "का रे, तुलाही धुवायचंय का?" एवढंच म्हणाल्या. व्यायामशाळेच्या मालकानं मला नेमकं तिथेच का पाठवलं ते मग कळलं. इस्त्रीच्या टेबलामागे एक खोली होती, वाफेनं कायम उबदार, आणि तिच्यात सगळे नकोसे झालेले जीव. लग्न ठरलं म्हणून सोडलेला अजगर. घर बदललं म्हणून दिलेली दोन कासवं. मुलांचा नाद संपला म्हणून आणून टाकलेली ठिपक्यांची पाल. ताई कपडे धुवायच्या, आम्हाला खायला घालायच्या आणि आमच्यासाठी घरं शोधायच्या. मला उन्हाचा दिवा मिळाला, पाला मिळाला, जबडा हळूहळू घट्ट झाला. माझा मात्र विश्वास बसेना. इतकं चांगलं कुणी उगाच वागतं का?

घर देण्याची ताईंची तऱ्हा न्यारी. कुणी हौसेनं आलं की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "घरात नको कोण म्हणतंय?"

"कुणीच नाही. सगळे तयार आहेत."

"असं घर नसतं. नीट शोधा आणि त्या माणसाला घेऊन या."

त्यांचे भाऊ इस्त्री फिरवता फिरवता वैतागायचे, "अगं, अशानं कोण येईल?"

"दादा, हौस असते तो घेऊन जातो आणि नको म्हणणारा परत पाठवतो. मला परत पाठवणाऱ्याशीच बोलायचंय." तीन महिने झाले की त्या त्या घरी जायच्या आणि त्या माणसाला विचारायच्या, ठेवायचा की नेऊ?

एका दुपारी त्या भावाला हळू आवाजात जे म्हणाल्या ते मी ऐकलं. "पैलवानाला घर दिलं आणि तिथून तो परत आला तर माझ्याकडे जागा नाही रे. टाकलेल्या प्राण्यांच्या मोठ्या केंद्रात द्यावा लागेल. तिथे मोठ्या, चावऱ्या प्राण्याला कुणी नेत नाही. थोडे दिवस वाट बघतात आणि सुई देतात." सुई म्हणजे काय ते मला कळत होतं. डॉक्टरांकडे सुई दिल्यावर लोक उठून घरी जायचे. या सुईनंतर उठायचं नव्हतं.

मग एक रोपवाटिकेत काम करणारी बाई आली आणि तिच्यामागून तिचे सासरे. सासरे म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. उभा जन्म लोकांच्या चेहऱ्याकडे बघून फुकटा ओळखण्यात गेलेला. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं. मीही पाहिलं. बराच वेळ कुणीच नजर हटवली नाही.

"नको म्हणणारे तुम्हीच ना, काका?" ताईंनी विचारलं.

"मीच. आणि नकोच म्हणतोय. याचे डोळे बघा, हा काहीतरी लपवतोय."

"अहो बाबा, तो काय लपवणार?" सून म्हणाली.

मी मान वरखाली केली. मला खात्री होती, आता हेही हसत पुढे येणार. पण ते चटकन एक पाऊल मागे सरले. "हे हो म्हणणं नव्हे," ते ताईंना म्हणाले. "गाडीत जागा अडवून बसलेला माणूस असं करतो. मला हाकलतोय तो."

ताई पहिल्यांदाच हसल्या. "न्या याला," म्हणाल्या.

तर असा मी या घरी आलो. सुनेनं बाहेरच्या खोलीत भिंतीएवढा पिंजरा केला, आत फांद्या, वर दोन दिवे. एक प्रकाशाचा. दुसरा उष्णतेचा, तो पेटलेला दिसत नाही, काळाच राहतो, फक्त ऊब देतो. सून आणि तिचा नवरा सकाळी कामावर गेले की घरात आम्ही दोघंच. म्हातारा समोर खुर्ची टाकून पेपर धरायचा आणि त्याच्या वरच्या कडेवरून माझ्यावर पाळत ठेवायचा. मी फांदीवरून त्याच्यावर. तो उठला की मी फुगायचो, मी हललो की तो चष्मा सावरायचा. हा मला घालवायला पुरावा गोळा करतोय, हे मी ओळखलं होतं. तीन महिने भरायची वाट बघत होता, दुसरं काय!

त्या काळ्या दिव्यावर तर त्याचा मुळीच भरवसा नव्हता. "पेटलेला दिसत नाही आणि म्हणे चालू आहे! असे पुष्कळ पाहिलेत मी," असं पुटपुटत तो दर तासाला जाळीपाशी हात नेऊन ऊब लागते का बघायचा. सून म्हणायची, "बाबा, बटणावरचा लाल दिवा लागलाय ना, म्हणजे चालू आहे." तो म्हणायचा, "लाल दिव्याचं काय जातंय म्हणायला!"

थंडी कडाक्याची पडली त्या आठवड्यात मला ना सर्दी-खोकला झाला, ना काही दुखलं. फक्त एका दुपारी फांदी पायातून सुटत गेली. आम्ही ऊब बाहेरून घेतो, ती थांबली की आतलं सगळं थांबत जातं. माझा हिरवा रंग काळपट झाला. सरड्यासारखा रंग बदलला म्हणून तुम्ही माणसांना नावं ठेवता, पण मी तो लबाडीनं बदलत नव्हतो. मी मरत होतो.

म्हाताऱ्याचा हात जाळीपाशी आला आणि तिथेच थांबला. "थंड आहे," तो म्हणाला. बटणावरचा लाल दिवा लागलेलाच होता. त्यानं थेट ताईंना फोन लावला. "दिवा मेलाय. हा काळा पडलाय. डोळे मिटलेत. सांगा लवकर."

पलीकडून ताई बोलत होत्या, तो नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, "अंगाशी? माझ्या?" त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. "बरं."

त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. सगळ्या आयुष्यात मी ज्याला भ्यालो तो हात आत आला आणि मला ना फुगता आलं, ना शेपटी मारता आली. एवढा असहाय मी कधीच नव्हतो. त्यानं मला टॉवेलात गुंडाळलं, स्वेटरची बटणं काढली, आत छातीशी धरलं आणि वरून शाल ओढून खुर्चीत बसला. भ्यालेला होता तो, मलाच भ्यालेला. तरी त्यानं मला खाली ठेवलं नाही.

"चावलास तर बघ," तो सारखा म्हणत होता. "चाव पण. चाव ना. काहीतरी कर रे."

तास गेला, दीड तास गेला. आधी मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू आले, मग माझी बोटं मला कळायला लागली. मी एक डोळा उघडला. तो माझ्याकडेच बघत होता. चष्म्यावर वाफ धरली होती, का ते मी विचारलं नाही. बोटांत जीव येताच मी त्याच्या बनियनमध्ये नख्या रुतवल्या. तो कळवळला, पण हात सैल सोडला नाही. संध्याकाळी ताईंचा निरोप मिळून सून नवा दिवा घेऊन आली तेव्हा आम्ही तसेच बसलेलो.

तीन महिने भरले त्या दिवशी ताई आल्या. हातात मला न्यायची पिशवी होती. सुनेला त्यांनी आत पाठवलं आणि खुर्चीसमोर बसल्या. मी फांदीला नख्या रुतवल्या. ज्यानं मला छातीशी धरलं त्याच्या तोंडून 'न्या' ऐकण्यापेक्षा त्या थंडीतच गेलो असतो तर बरं, असं मला वाटलं. हो, असंच वाटलं.

"बोला काका. ठेवायचा की नेऊ?"

म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. "त्याचा माझ्यावर विश्वास नाही," तो म्हणाला. "अजून हात पुढे केला की फुगतो."

"आणि तुमचा त्याच्यावर?"

"छे! मी त्याच्यावरची नजर काढत नाही. उद्याही काढणार नाही, परवाही नाही. एवढं काम अर्धवट टाकून त्याला कसा पाठवू? पिशवी घेऊन जा तुम्ही."

ताईंनी पिशवीची घडी केली आणि चहा न घेताच उठल्या. दारात त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तर सध्या माझं असं चाललंय. माझ्यासारखा एखादा घरी आणायचा विचार असेल, तर एक विनंती आहे. दुकानदाराचं ऐकू नका. आधी घरात नको कोण म्हणतंय ते शोधा आणि त्याच्याशी बोला. लाँड्रीच्या त्या मागच्या खोलीतल्या माझ्या सोबत्यांना अजून कुणी तसा माणूस मिळालेला नाही.

आता निघा तुम्ही. मीच बोलायला बसलो हे खरं, पण इतका वेळ तुम्ही का थांबलात, हा प्रश्न मला पडलाच आहे. आणि तो बघा, म्हातारा खुर्चीतून उठतोय. कशाला उठतोय ते मला बघितलं पाहिजे. तोही मी जागा आहे का तेच बघायला उठला असणार.