झेंडूखालचा हिरवा दिवा

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमचं सायकल मंडळ अनगोळहून जांबोटीला जेवायला जातं. खंडेनवमीला सायकलीची पूजा करून घातलेला हार आपण काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, असा आमचा रिवाज. त्यामुळं बाराही सायकली झेंडूचे ढीग होऊन निघाल्या. मागून टेंपो, थकलेल्यांसाठी.

भरमूअण्णांना मात्र टेंपो वर्ज्य. वय एकाहत्तर. सून माधवीनं सकाळी दारातच सांगितलेलं, "मामंजी, टेंपोत बसून आलासा तर सायकल पोटमाळ्यावर. परत विषय न्हाय."

"व्हय," म्हणाले अण्णा, आणि घामानं धुरकटतो म्हणून चष्मा टेंपोत ठेवून निघाले.

किणयेपर्यंत ते गात होते. पुढच्या चढाला गाणं थांबलं, मग बोलणं, मग आमच्याकडं बघणंही. टेंपो शेजारून रेंगाळत होता. ड्रायव्हर रवळूनं विचारलं, "अण्णा, दार उघडू काय?"

"पुढं हो रं. धूर लागतोय."

पोचले, कसेबसे.

जांबोटीच्या बार अँड रेस्टॉरंटमागं आंब्याखाली टेबलं मांडलेली. गावठी कोंबडीचा रस्सा, भाकरी, थंड बिअर. क्षमा तेवढी मुगाची उसळ आणि ताकावर. ती निपाणीची, बेळगावात बँकेत, मंडळात नवीन. अण्णांनी अर्धा ग्लास संपवून मला हळूच विचारलं, "परतीला बी चढ हाय न्हवं?"

"उतारच जास्त," मी म्हणालो. मंडळाचा सेक्रेटरी या नात्यानं एवढं खोटं बोलावं लागतं.

मग सगळे आंब्याखाली आडवे झाले. पिकल्या भाताचा वास, दूर कुठंतरी गुरांच्या घंटा, पापण्यांवर हलणारं ऊन. बारा माणसं एकाच झोपेत होती.

अण्णा आधी उठले. बुंध्याला टेकलेला एक झेंडूचा ढीग ओढला आणि निघाले. मला जाग आली तेव्हा ते वळणावर होते. धापा टाकत गाठलं.

"सीट उंच लागतीया रं," ते म्हणाले. "झोपेत उंची वाढली वाटतं."

पायडल त्यांनी एकदा मारलं की सायकल तीनदा जात होती. चढ समोर येऊन अदबीनं सपाट होत होता. भाताची पिवळी खाचरं मागं सरकत होती, बगळे उडायचे ते आमच्या वेगानंच उडत होते. अण्णा माझ्याशी बोलायचे थांबले. शेतांशी बोलू लागले. एका ओढ्याला त्यांनी नावानं हाक मारली.

"मी अजून आंब्याखालीच हाय," ते कुजबुजले. "उठवू नगंस."

तेव्हा मला दिसलं. झेंडूखाली एक हिरवा दिवा लुकलुकत होता. मंडळाच्या नियमात बॅटरी बसत नाही. पण नियम वहीत होता, आणि वही घरी होती.

अनगोळला माधवी दारातच उभी.

"टेंपोत बसलासा?"

"न्हाय."

"खरं?"

मी मान डोलावली. माधवीचा चेहरा सैलावला. एवढ्यात टेंपो आला, रवळूनं चष्मा दिला. अण्णांनी तो घातला, खाली वाकले, बराच वेळ तो दिवा बघत राहिले. मला वाटलं, आता जागे झाले. वाईट वाटलं.

"माधवी," ते म्हणाले, "ही माझी न्हवं गं."

मागून क्षमा आली. अण्णांची काळी, जड सायकल ढकलत, लालबुंद. बोंब मारली असती तर तिची बॅटरी उघडी पडली असती, म्हणून बिचारी प्रत्येक चढ चालत चढली होती.

"सॉरी, अण्णा. मला चढ जमत न्हाय."

"मला तरी कुठं जमतोय गं, आक्का," अण्णा म्हणाले.

माधवी काळ्या सायकलीकडं बघत राहिली, मग हिरव्या दिव्याकडं.

"टेंपोचंच बोलले होते मी," ती म्हणाली. "क्षमा, ह्येचा चार्जर कुठं लावतात?"

पुढच्या महिन्यात आम्ही कंग्राळीला गेलो. दसरा होऊन पाच आठवडे झालेले. बारापैकी सात सायकलींवर अजून ताजा झेंडू होता. सर्वांत जाड हार भरमूअण्णांचा. नियमाची वही मी त्या दिवशीही घरीच विसरलो.