दाराजवळची जागा

पहिली अकरा मिनिटं माझ्या स्टॉपवॉचला काही कामच नव्हतं. बर्फावर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना ढकलत होते, भोवतीच्या कठड्यावर धाडधाड आपटत होते, आणि माझा मुलगा यशोधन बाकावर बसून होता. तोही बाकाच्या अगदी टोकाला, कठड्यात एक छोटं दार आहे तिथे. हेल्मेट, हातमोजे, पायात स्केट्स, असा सगळा जामानिमा करून. मुहूर्त टळला तरी बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

यशोधन चौतीस वर्षांचा आहे. लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका गोदामात तो शिफ्ट सुपरवायझर आहे आणि शनिवार-रविवार आइस हॉकी खेळतो. चौदा वर्षं खेळतोय, आणि चौदा वर्षांत मी त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. डॉक्टरच्या मुलाने युनिव्हर्सिटी सोडून बर्फावर घसरत बसावं हे मला पटलं नाही, आणि न पटलेल्या गोष्टीकडे पाठ करून बसणं हा आम्हा देवस्थळींचा पिढीजात गुण आहे. माझी बायको सुप्रभा मात्र न चुकता जायची. चहाचा थर्मास आणि मांडीवर घ्यायला शाल, एवढं सामान. परत आली की मी विचारायचो, हरले की जिंकले? ती सांगायची आणि विषय तिथेच मिटायचा. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

मोसमातल्या त्या शेवटच्या मॅचला मी गेलो तो मीनलने पाठवलं म्हणून. मीनल माझी सून. मेडनहेडच्या एका फार्मसीत काम करते. गुरुवारी कामावरून परस्पर माझ्याकडे आली, स्वतःच चहा टाकला आणि कप हातात घेऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. क्लब पुढच्या मोसमापासून नव्या लीगमध्ये जाणार होता. सामने वाढणार, स्कॉटलंडपर्यंतचे प्रवास वाढणार, कॅनडाहून नवे खेळाडू येणार. यशोधनलाही आणखी एका वर्षाचा करार देऊ केला होता, पण राखीव म्हणून. कोणी जखमी झालं तर हा खेळणार. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इकडे मीनलला ऑगस्टमध्ये दुसरं बाळ होणार होतं, आणि थोरली अनुराधा सात वर्षांची होती.

"विचारलं तर नुसतं बघू म्हणतो," मीनल म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगा त्याला, इनफ इज इनफ."

"माझं तो कधीपासून ऐकायला लागला?"

"ऐकत नाही. पण तुम्ही बोललेलं विसरतही नाही." मग कप विसळताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अनु आता डॅडी कुठेय विचारतच नाही. पूर्वी रडायची, ते बरं होतं."

म्हणून हे स्टॉपवॉच. मी जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलांत काम केलं. उपदेशापेक्षा आकड्यांवर माझा विश्वास जास्त. साठ मिनिटांच्या खेळात हा किती मिनिटं बर्फावर असतो ते मोजायचं आणि आकडा त्याच्यापुढे ठेवायचा, एवढा माझा बेत होता. आकड्याशी वाद घालता येत नाही.

बाराव्या मिनिटाला तो उतरला. एका धिप्पाड माणसावर जाऊन आदळला, पडला, उठला, परत आला. एक्केचाळीस सेकंद. परत आला तो पुन्हा दाराशीच बसला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो नुसता बसलेला नाही. ताज्या दमाचे खेळाडू कठड्यावरून उड्या मारून बर्फावर जात होते आणि दमलेले दारातून परत येत होते. ते दार यशोधन उघडत होता. कडी सरकवायची, दार ओढायचं, दोघा-तिघांना आत घ्यायचं, दार लावायचं. पाऊण मिनिटाने पुन्हा तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं माझा मुलगा पट्टेवाल्याचं काम करत होता आणि ते पाहायला माझी बायको थर्मास घेऊन येत होती.

मध्यंतरात मी खाली गेलो. केन नावाचा एक म्हातारा तिथे खेळाडूंचं सामान सांभाळतो. पूर्वी बस चालवायचा. सुप्रभाच्या अंत्यविधीला तो आला होता, म्हणून ओळख होती. मी त्याला जरा चढ्या आवाजातच विचारलं, की या क्लबात दार उघडायला दुसरा कोणी मिळत नाही का?

केन माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला समजावावं तसं मला समजावलं. दार अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडलं तर दमलेला माणूस बर्फावरच अडकतो, आणि त्याच्या जागी उतरलेला धरून तिथे टीमचा एक माणूस जास्त होतो. शिक्षा सगळ्या टीमला. अर्धा सेकंद लवकर उघडलं आणि त्याच वेळी कोणी कोणाला कठड्यावर दाबलं, तर तो माणूस उघड्या दारात जातो आणि बरगड्या मोडतात. समोर पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, कुठे आहे, कोण किती दमलाय, कोण आता वळणार, हे सगळं बघत दार उघडायचं असतं. क्लबात इतर कोणाला ते इतकं नेमकं जमत नाही. टीमचा कॅनेडियन कॅप्टन तर यशोधन दाराशी असल्याशिवाय खूश नसतो. हे सांगून केन म्हणाला की मिसेस देवस्थळींना हे ठाऊक होतं. त्या नेहमी दाराच्या बरोब्बर समोर, चौथ्या रांगेत बसायच्या.

मी चौथ्या रांगेत जाऊन बसलो.

तिथून दिसत होतं ते वेगळंच होतं. यशोधनची मान सतत फिरत होती. तो पक बघत नव्हता, माणसांचे गुडघे बघत होता. कोणाचे गुडघे ताठरले की त्याचा हात कडीवर जायचा. दोनदा हात जाऊन परत आला, कारण समोरून कोणी तरी वेगात येत होतं. ही नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन कापाकापी करत असायचा आणि मी टेबलाच्या टोकाला बसून पेशंटचा श्वास बघायचो. बरं होऊन घरी जाताना लोक चॉकलेटचे डबे सर्जनला द्यायचे. आपल्याला झोपवलं कोणी आणि सुखरूप जागं कोणी केलं, हे एकालाही आठवायचं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, खूप वाटायचं.

मॅच हरले. यशोधन बॅग घेऊन बाहेर आला, केस ओले, डावा खांदा किंचित खाली. मला बघून तो जागच्या जागी थांबला.

"बाबा? घरी सगळं ओके ना?"

बापाला समोर बघून पोराला आधी वाईट बातमीच सुचावी, ही माझी चौदा वर्षांची कमाई. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, मला घरी सोड.

गाडीत त्याला माझ्या हातातलं स्टॉपवॉच दिसलं.

"किती झाली? माझी मिनिटं?"

"तीन मिनिटं दहा सेकंद. पुढे मोजायचं विसरलो."

"तुम्ही? विसरला?"

"दार बघत होतो."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो त्याच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाला, "आई पण दारच बघायची. ती म्हणायची, तुझा काम आणि बाबांचा काम सेम आहे. मला नाही कळला तेव्हा."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. सुप्रभाने हे मला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कशी म्हणा, मी हरले की जिंकले याच्यापुढे कधी विचारलंच नव्हतं.

आता खरं म्हणजे मीनलचं काम करायची वेळ होती. आकडा हातात होता. एवढ्याशा मिनिटांसाठी दर आठवड्याचे दोन दिवस, हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो, आकडा तेवढा भरायचा होता. आणि तोंडातून निघालं ते असं:

"अजून एक वर्ष खेळ. मी दर रविवारी येईन."

असा फितूर वकील मीनलला दुसरा मिळाला नसता. यशोधनने माझ्याकडे वळून बघितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"बाबा, मी कोचला 'नाही' सांगितला. आज, मॅचच्या आधी." सिग्नल हिरवा झाला, तो गाडी चालवत सांगू लागला. मंगळवारी कोचचा घरी फोन आला होता. अनुने घेतला आणि डॅडी घरी नाही म्हणून सांगून ठेवून दिला. "मी वर होतो, बेडरूममध्ये. तिने वर बघितला पण नाही, बाबा. हाकच नाही मारली."

त्याचा निर्णय बरोबर होता. मीनल जिंकली होती, अनु जिंकली होती, आणि मला तेच हवं असायला पाहिजे होतं. तरी गाडीत बसल्या बसल्या मला रडू आलं. मुलाची मॅच आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, ती त्याची शेवटची निघाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते यालाच.

ऑगस्टमध्ये मीनलला मुलगा झाला. यशोधन आता रविवारी अनुला पोहायला नेतो. ती पाण्यातून वर आली की पहिल्यांदा तो काठावर बसलाय का ते बघते, असं मीनल सांगते. आणि मी ऑक्टोबरपासून रिंकवर जातो. चौथी रांग, दाराच्या समोर. मांडीवर सुप्रभाचीच शाल घेतो. दाराशी आता एक नवा खेळाडू बसतो. खेळतो बरा, पण नुसता पककडेच बघत राहतो. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या पायी एक माणूस जास्त झाला. केनने वर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मॅच सुटली की यशोधन मला न्यायला येतो. मागच्या सीटवर अनु ओल्या केसांनी चिप्स खात असते. तो स्कोअर कधीच विचारत नाही.

"दार?" एवढंच विचारतो.

"उशीर," मी सांगतो. "अर्धा सेकंद."

तो मान डोलावतो. त्याला वाईट वाटतं की बरं वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी पाऊस होता. माझ्या एका हातात थर्मास, दुसऱ्यात शाल आणि काठी. कार पार्कमध्ये पाणी साचलेलं, मी पावलं मोजत चाललो होतो. गाडीत यशोधन माझ्याकडे बघत बसला होता. माझ्या गुडघ्यांकडे. मी गाडीपाशी पोचलो आणि आतून दार उघडलं. आधी नाही, नंतर नाही.